दिवाळीच्या सुट्टीत पोर्तुगाल: आधी आठवडा ठरवा, मग गाव

युरोप म्हटलं की आपल्याकडे मे महिना ठरलेला असतो. परीक्षा संपतात, मुलांना सुट्टी लागते, बॅगा निघतात. पोर्तुगालसाठी मात्र दिवाळीच्या आसपासचे दिवस जास्त चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये या देशाच्या आतल्या भागात पारा ४० अंशांपर्यंत जातो, समुद्रकाठी अर्धा युरोप येऊन पडलेला असतो आणि हॉटेलांचे दर त्याच हिशेबाने चढलेले असतात. सप्टेंबर उलटला की गर्दी ओसरते, ऊन सोसवतं आणि चढणीच्या गल्ल्यांतून आईवडिलांना घेऊन फिरणं जमतं.

तरीही ‘सप्टेंबर ते नोव्हेंबर हवा छान असते’ एवढ्याच माहितीवर तिकीट काढू नका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिस्बनला उतरलात तर घामाने भिजाल, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोर्तोला उतरलात तर पावसाने. नकाशावर हा देश छोटा दिसतो, पण उत्तर आणि दक्षिण यांच्या हवेत बराच फरक आहे. या लेखातलं एकच सूत्र लक्षात राहिलं तरी पुरे: जितकं उशिरा जाल, तितकं दक्षिणेला राहा. पुढचं नियोजन त्यावरच बेतलं आहे.

पहिली पायरी: आठवडा

लिस्बनमध्ये सप्टेंबरात दुपारचं तापमान साधारण २६-२७ अंश असतं, ऑक्टोबरात २२-२३, नोव्हेंबरात १८ च्या आसपास. पावसाची खरी सुरुवात ऑक्टोबरच्या मध्यापासून होते आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे सर्वांत ओले महिने. पोर्तोत पाऊस लिस्बनपेक्षा आधी येतो आणि जास्त पडतो. दक्षिणेच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावर तो उशिरा आणि कमी. हा आपल्यासारखा दिवसभर कोसळणारा पाऊस नव्हे. अटलांटिकवरून ढगांची एक रांग येते, तास-दोन तास झोडपून जाते, मग लख्ख ऊन पडतं. कधीकधी मात्र सलग तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सहलीत एक-दोन दिवस मोकळे ठेवलेले बरे.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ उत्तरेचा. दोउरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालू असते आणि अल्गार्व्हचा समुद्रही पोहण्याजोगा असतो. एक सावधगिरी: सप्टेंबरात उत्तर आणि मध्य भागात वणवे लागू शकतात. २०२४ साली सप्टेंबरच्या मध्यात आव्हेरो जिल्ह्यात मोठे वणवे लागले होते.

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे बहुतेक वर्षी आपली दिवाळी, हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. दोउरोतले वेल पिवळे-तांबडे होतात, लिस्बनमध्ये दुपारी शर्टावर फिरता येतं, किनाऱ्यावरच्या नाझारे गावी मोठ्या लाटांचा मोसम सुरू झालेला असतो. पाऊस मधूनमधून गाठतोच, तो धरून चला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जायचं असेल तर पोर्तोला दोन दिवस द्या आणि बाकी वेळ लिस्बन, त्याच्या पूर्वेचा आलेंतेजो प्रदेश आणि अल्गार्व्हला. दिवाळीची सुट्टी कधी पुढे तर कधी मागे सरकते. २०२५ साली लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं, २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नका.

दिवसाच्या लांबीकडेही लक्ष ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिथली घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यानंतर साडेपाच. आदल्या दिवशी सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो, दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच. त्या रविवारी विमान किंवा रेल्वे असेल तर वेळ दोनदा तपासा. स्पेनमधून बसने येणार असाल तर हेही लक्षात असू द्या की स्पेन पोर्तुगालपेक्षा बारा महिने एक तास पुढे असतो.

दुसरी पायरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. दिवाळीला जायचं असेल तर जुलैतच व्हिसा केंद्रातल्या भेटीची वेळ घ्या. गणपतीनंतर बघू म्हणणाऱ्यांना तोपर्यंत तारखाच उरलेल्या नसतात.

मोठ्यांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं रजापत्र आणि हॉटेलांची आरक्षणं एकमेकांशी जुळली पाहिजेत. रजापत्रावर दहा दिवस आणि हॉटेलं चौदा दिवसांची, असल्या विसंगतीवर बोट ठेवलं जातं. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यात नवखे गोंधळतात. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. पोर्तुगाल सहा रात्री आणि स्पेन पाच, तर पोर्तुगाल. दोन्हीकडे सारख्या रात्री असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तो देश. व्हिसा मिळवणं सोपं म्हणून एका देशाकडे अर्ज करायचा आणि मुक्काम दुसरीकडेच ठोकायचा, हा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

व्हिसा हातात आला की त्यावरचे दिवस आणि तारखा वाचा. दहा दिवस लिहिलेले असतील तर पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्या दहांतच मोजला जातो.

तिसरी पायरी: विमान आणि मार्ग

विमान बदलावंच लागतं. दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट किंवा पॅरिस हे नेहमीचे थांबे. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बदललंत तर शेंगेनची तपासणी तिथेच होते, तेव्हा दोन विमानांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. दुबई किंवा इस्तंबूलहून आलात तर तपासणी पोर्तुगालमध्ये, आणि लिस्बन विमानतळावरची रांग सोशिकपणाची परीक्षा पाहते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो. उतरल्यानंतर दोन तासांतली रेल्वे आरक्षित करू नका.

तिकीट शक्यतो ‘जाताना पोर्तो, येताना लिस्बन’ असं काढा. परतीच्या तिकिटापेक्षा ते बहुतेक वेळा फार महाग नसतं आणि उलट प्रवासाचा एक दिवस वाचतो. शिवाय आपलं सूत्रही साधतं: पावसाळी उत्तर आधी उरकायची, मग खाली सरकायचं.

नऊ-दहा दिवसांसाठी मी सुचवेन तो क्रम असा: पोर्तो तीन रात्री, त्यात दोउरोचा एक अख्खा दिवस. वाटेत कोइंब्रा एक रात्र. मग लिस्बन चार रात्री, त्यात सिंत्राचा दिवस. शेवटी एव्होरा किंवा अल्गार्व्ह यांपैकी एकच, आणि विमानासाठी लिस्बनला परत. दोन्ही करायचा हट्ट धरलात तर बॅगा भरण्यात आणि सोडण्यातच सुट्टी संपेल. माद्रिद-बार्सेलोना जोडून ‘आयबेरिया दहा दिवसांत’ करणारे गट असतात. त्यांना परत आल्यावर लिस्बनमध्ये काय पाहिलं ते विचारून बघा.

चौथी पायरी: बॅग

आधी बूट. लिस्बन-पोर्तोचे पदपथ चुनखडीच्या लहान पांढऱ्या चौकोनी दगडांचे असतात, वर्षानुवर्षं पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. कोरडे असताना देखणे, ओले झाले की साबण लावल्यासारखे. त्यात उतार. गुळगुळीत तळव्याची चप्पल किंवा ऑफिसचे बूट नेलेत तर पहिल्याच सरीत घसराल. रबरी, खोल नक्षीच्या तळव्याचे, आधीच वापरून मऊ झालेले बूट न्या. ज्येष्ठांसाठी हातात काठी असेल तर संकोच करू नका.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण किनाऱ्यावरचा वारा छत्री उलटी करतो. कपडे थरांचे: सुती शर्ट, त्यावर पातळ स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. काश्मीरसाठी घेतलेले जाड कोट नकोत.

आता एक न सांगितली जाणारी गोष्ट. पोर्तुगालमध्ये नोव्हेंबरची थंडी बाहेर कमी आणि घरात जास्त वाजते. जुन्या दगडी घरांत मध्यवर्ती हीटिंग बहुतेक नसतंच. बाहेर १५ अंश आणि ऊन असताना खोलीत गारठा आणि दमट अंथरूण असा अनुभव येतो. भाड्याचं अपार्टमेंट घेत असाल तर खोली गरम करायची सोय आहे का, लिफ्ट आहे का, हे दोन प्रश्न आरक्षणाआधी विचाराच. चौथा मजला, अरुंद लाकडी जिना आणि तुमच्या तीन मोठ्या बॅगा हे चित्र फोटोत दिसत नाही. रात्रीसाठी पायमोजे आणि एक गरम बनियन ठेवा. प्लग दोन गोल पिनांचा, वीज २३० व्होल्ट. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, अॅडॉप्टर लागतो.

पाचवी पायरी: पोर्तो आणि दोउरो

पोर्तो विमानतळावरून मेट्रोची जांभळी मार्गिका थेट शहरात, त्रिंदादे स्थानकापर्यंत जाते. तिथलं कार्ड ‘अंदांते’. एका कार्डावर एकच माणूस, चौघांचं कुटुंब असेल तर चार कार्डं.

सांव बेंतो रेल्वे स्थानक गाडी पकडायची नसली तरी पाहा. आतल्या भिंतींवर जोर्ज कोलासो याने रंगवलेल्या सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, पोर्तुगालच्या इतिहासातले प्रसंग दाखवणाऱ्या. पाऊस आला की हे स्थानक आणि आसपासची चर्चं हाच आसरा. ऊन असेल तेव्हा १८८६ च्या दों लुइस पुलावरून चालत नदीपलीकडच्या गाया या गावात जा. पुलाला दोन मजले आहेत. वरच्यावरून मेट्रो आणि पादचारी, खालच्यावरून इतर वाहतूक. जाताना वरून, येताना खालून.

गायातल्या लांब कौलारू गोदामांत पोर्ट वाइन मुरते. द्राक्षं तिथली नसतात, ती पूर्वेला दोउरोच्या वरच्या खोऱ्यातून येतात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं मद्यार्क घालतात. त्यामुळे आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते, म्हणून पोर्ट गोड आणि तीव्र. न पिणाऱ्यांनाही ही गोदामं बघायला मजा येते.

दोउरोच्या खोऱ्याला मात्र पूर्ण दिवस द्या. हा प्रदेश १७५६ साली, पोर्तुगालचा कारभार पाहणारा मंत्री मार्क्वेस द पोंबाल याच्या काळात, वाइनसाठी सीमा आखून दिलेला, जगातल्या अशा पहिल्या प्रदेशांपैकी एक. २००१ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. नदीच्या दोन्ही बाजूंच्या पाटीच्या खडकाळ उतारांवर पायऱ्या कोरून वेल लावलेले आहेत. नाशिककडच्या सपाट रानातल्या, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होणाऱ्या बागा पाहिलेल्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे ही माणसं इथे उभी कशी राहतात. बराचसा उतार यंत्राला झेपत नाही, घड हातानेच तोडावे लागतात.

सहलीच्या बसपेक्षा रेल्वे घ्या. पोर्तोहून रेग्वा सुमारे दोन तासांवर, पुढे पिन्यांव अर्ध्या तासावर. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. सुरुवातीचा तासभर काही दिसत नाही, निराश होऊ नका. मग रूळ नदीकाठाला येतात आणि पिन्यांवपर्यंत पाणी उजवीकडेच राहतं. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर द्राक्षतोडणीची चित्रं असलेल्या फरशांचे २४ फलक आहेत. तिथून तासाभराची नौकाफेरी मिळते. परतीच्या गाड्या मोजक्याच असतात, म्हणून उतरल्याउतरल्या संध्याकाळची वेळ पाहून ठेवा. द्राक्षमळा पाहायचा असेल तर तोडणीच्या दिवसांत आधी कळवल्याशिवाय जाऊ नका, तिथली माणसं कामात बुडालेली असतात.

सहावी पायरी: रेल्वेची तिकिटं

पोर्तो-लिस्बन अंतर वेगवान ‘आल्फा पेंदुलार’ गाडीने तीन तासांच्या आसपास लागतं. सरकारी रेल्वे कंपनीचं संक्षिप्त नाव सीपी. तिकीट तिच्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर आधी काढलंत तर बरीच सवलत मिळते. ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट लागतं, वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. लिस्बनमध्ये दोन मोठी स्थानकं आहेत: ओरिएंते आधी येतं, सांता अपोलोनिया शेवटी. जुन्या शहरात राहत असाल तर शेवटी उतरा, विमानतळाजवळ राहत असाल तर ओरिएंतेला.

रेल्वेचे संप तिथे नवे नाहीत. ‘ग्रेव्ह’ हा शब्द बातमीत किंवा स्थानकावरच्या फलकावर दिसला की तुमची गाडी चालू आहे का ते पाहा आणि नसेल तर लांबपल्ल्याची बस घ्या. बसचं जाळं चांगलं आहे.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार फक्त आलेंतेजो आणि अल्गार्व्हसाठी करा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. लिस्बन-पोर्तोत गाडी म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

सातवी पायरी: लिस्बन आणि सिंत्रा

विमानतळावरून लाल मार्गिकेची मेट्रो शहरात आणते. इथलं कार्ड ‘नव्हेगांते’, अर्ध्या युरोला मिळतं. त्यावर २४ तासांचं तिकीट भरलं की मेट्रो, बस, ट्रॅम सगळं चालतं. क्रमांक २८ ची पिवळी ट्रॅम प्रसिद्ध आहे, आणि खिसेकापूंमध्येही तितकीच प्रसिद्ध. बसायचंच असेल तर सकाळी लवकर, मार्तीं मोनीझच्या सुरुवातीच्या थांब्यावरून. एरवी तोच रस्ता पायी उतरत या, अल्फामा या जुन्या भागाच्या गल्ल्या पायीच कळतात. ग्लोरियाची प्रसिद्ध केबल-ट्रॅम ३ सप्टेंबर २०२५ च्या भीषण अपघातानंतर बंद करण्यात आली, त्यामुळे जुन्या यादीत ती दिसली तर तिच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका.

१ नोव्हेंबरला तुम्ही लिस्बनमध्ये असाल तर कार्मोच्या मठाजवळ जा. १७५५ साली याच दिवशी सकाळी, सर्व संतांच्या सणासाठी चर्चं भरलेली असताना, भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आणि आग. कार्मोच्या चर्चचं छत तेव्हा कोसळलं ते पुन्हा बांधलंच नाही, दगडी कमानींतून आभाळ दिसतं. खालचा बायशा भाग, सरळ रेषेतले रस्ते आणि सारख्या उंचीच्या इमारती, हा भूकंपानंतर पोंबालने नव्याने वसवलेला. १ नोव्हेंबर ही सार्वजनिक सुट्टी असते, तशीच ५ ऑक्टोबरही. त्या दिवशी दुकानं आणि कचेऱ्यांच्या वेळा तपासा. १३ ऑक्टोबरला फातिमाला मोठी यात्रा भरते. भाविक असाल तर मुद्दाम जा, नसाल तर त्या भागात त्या दिवशी मुक्काम नको.

बेलें हा नदीकाठचा भाग आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण जुलै १४९७ मध्ये वास्को द गामा इथूनच निघाला आणि पुढच्या वर्षी कालिकतला पोचला. त्याची समाधी जेरोनिमो मठाच्या चर्चमध्ये आहे. तो वारला कोचीत, १५२४ साली. तिथे पुरलेले अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला आणले गेले. चर्चला तिकीट नाही, मठाच्या चौकाला आहे, रांगा वेगळ्या. जवळच्याच एका बागेत उंच खांबावर अफोंसो द आल्बुकेर्क उभा आहे, १५१० मध्ये गोवा जिंकणारा. गोमंतकीय वाचकांना त्या खांबाखाली उभं राहून काय वाटेल ते मी सांगायची गरज नाही. राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात गोव्यातून गेलेलं शिसवी, हस्तिदंती जडावाचं फर्निचर आहे, तेही बघाच. संग्रहालयं आणि मठ सहसा सोमवारी बंद असतात, बेलेंचा दिवस सोमवारी टाकू नका.

सिंत्राला रोसिओ स्थानकातून चाळीस मिनिटांची लोकल. डोंगरावरच्या रंगीत पेना राजवाड्याला वेळ ठरवूनच तिकीट मिळतं, तेही आधी ऑनलाइन. त्यावरची वेळ राजवाड्याच्या दारातली असते, बागेच्या फाटकातली नव्हे. स्थानकापासून बस, मग फाटकापासून चढण, यांत पाऊण-एक तास सहज जातो. सिंत्राचं धुकं ऑक्टोबरात सकाळी सगळं गिळून टाकतं. लिस्बनच्या चार दिवसांपैकी कोणता दिवस कोरडा आहे ते हवामान खात्याच्या, म्हणजे आयपीएमएच्या, अंदाजात पाहा आणि मगच तिकीट काढा. त्यांचा पिवळा इशारा असेल तर रेनकोट घेऊन निघा, नारिंगी किंवा लाल असेल तर किनाऱ्यावर आणि डोंगरावर जाऊ नका.

आठवी पायरी: नाझारे, एव्होरा किंवा दक्षिण

नाझारेच्या उत्तर किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मार्च महाकाय लाटा येतात. समुद्राखाली किनाऱ्याजवळच सुरू होणारी प्रचंड खोल दरी आहे, ती लाटेची ताकद एका जागी गोळा करते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी जर्मनीचा सेबास्टियन श्टॉयड्टनर इथे २६.२१ मीटर उंच लाटेवर स्वार झाला, तो विक्रम म्हणून नोंदला गेला. पण अशा लाटा रोज नसतात. लाटांचा अंदाज न पाहता गेलात तर शांत समुद्र आणि दीपगृहाचा किल्ला एवढंच दिसेल. मोठ्या लाटांच्या दिवशी किल्ल्यावरूनच पाहा, वाळूवर उतरू नका.

एव्होरा ऊबदार, कोरडं, पायी फिरण्याजोगं गाव आहे. रोमन मंदिराचे खांब, आणि हाडांची कापेल, म्हणजे माणसांच्या हाडांनी मढवलेलं छोटं प्रार्थनागृह, जिच्या दारावर लिहिलंय, ‘आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट पाहतोय’. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. वाटेत बुचाची, म्हणजे कॉर्क ओकची, झाडं दिसतात, खोडावर पांढऱ्या रंगात एकेक आकडा. साल काढली त्या वर्षाचा तो शेवटचा अंक, पुढची साल नऊ वर्षांनी. एव्होरा २०२७ साली युरोपच्या सांस्कृतिक राजधान्यांपैकी एक आहे, त्या वर्षी जाणार असाल तर खोली फार आधी घ्या.

अल्गार्व्हला लागोश किंवा फारोत राहा. ऑक्टोबरात समुद्राचं पाणी २०-२१ अंशांचं असतं, आपल्याला गारच वाटेल. बेनाजीलच्या गुहेत आता वाळूवर उतरायला आणि पोहत जायला मनाई आहे. होडीतून बघा किंवा वाटाड्याबरोबर कयाकने जा. नोव्हेंबरात बऱ्याच होड्या आणि हॉटेलं बंद होतात. गर्दी नको असणाऱ्यांना ते चालेल, मुलांना चालणार नाही.

नववी पायरी: खाणं

मासे खाणाऱ्या मराठी माणसाची इथे चैन आहे. भाजलेली मासळी, ऑक्टोपस, शिंपल्या-कोळंबीचा ओलसर भात, आणि बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. ताजी मासळी बऱ्याचदा किलोवर विकतात, तेव्हा मासा भाजायच्या आधी वजन आणि किंमत विचारा.

शाकाहाऱ्यांनी जरा जपून. काल्दो व्हेर्द या बटाटा-पालेभाजीच्या सुपात चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती टाकलेली असते. घेवड्याच्या भातातही मांस निघू शकतं. कॅफेच्या काचेत ‘शामूसा’ दिसेल. गोव्यातून तिकडे गेलेला हा आपला समोसा, पण आत बऱ्याचदा गोमांस असतं. ‘सें कार्न, नें पेइश’, म्हणजे मांस नको, मासेही नकोत, एवढं पाठ करा. तरीही अंड्याचा प्रश्न उरतो: पाश्तेल द नाता या प्रसिद्ध मिठाईचा जीवच अंड्याच्या बलकात आहे. लिस्बनच्या मार्तीं मोनीझ भागात भारतीय-बांगलादेशी किराणा आणि खानावळी आहेत. शहरात राधाकृष्ण मंदिरही आहे, मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारलेलं. दिवाळीत तिथे उत्सव असतो.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येऊन पडलं तर ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे द्यायची गरज नाही, नको असेल तर परत पाठवा. दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात ‘प्रातो दो दिया’, म्हणजे दिवसाची थाळी, स्वस्तात मिळते. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी शोधत फिरू नका.

ऑक्टोबरपासून रस्त्यांवर धूर काढणारे गाडे दिसू लागतात, मीठ टाकून भाजलेल्या चेस्टनटचे. डझनावर, कागदाच्या पुडीत. ११ नोव्हेंबरला सांव मार्तिन्योचा सण, तेव्हा चेस्टनट आणि नवी वाइन घरोघरी. याच सुमारास पावसात उघडीप पडून थोडे ऊबदार दिवस येतात, त्यांना या संताचा उन्हाळा म्हणतात. दरवर्षी येतोच असं नाही, पण लोक वाट पाहतात.

दहावी पायरी: पैसे, तब्येत, परतीचं सामान

पैसे ‘एमबी’ असं चिन्ह असलेल्या मल्टिबांको एटीएममधून काढा. यंत्राने रुपयांत हिशेब करू का विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा. छोट्या दुकानांत काही वेळा फक्त स्थानिक कार्ड चालतं, म्हणून थोडे सुटे जवळ हवेत. हॉटेलच्या बिलाशिवाय पर्यटक कर वेगळा: लिस्बनमध्ये माणशी दर रात्री ४ युरो, पोर्तोत ३, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत. नळाचं पाणी पिता येतं. आणीबाणीचा क्रमांक ११२. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान. रोजची औषधं मात्र चिठ्ठीसह इथूनच न्या.

बुचाच्या पिशव्या हलक्या, ऑलिव्ह तेल आणि पोर्ट जड. दोन्ही चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येतं. एका दुकानात ६१.५० युरोंपेक्षा जास्त खरेदी केलीत तर पासपोर्ट दाखवून करपरतीची पावती मागा आणि विमानतळावर बॅग सोपवण्याआधी ती यंत्रावर नोंदवा. कस्टमवाल्यांनी वस्तू दाखवा म्हटलं आणि बॅग आधीच पट्ट्यावरून गेली असेल, तर ते पैसे विसरायचे.